कपाटावरच्या अकरा रेघा

२ मार्च, सोमवार. संध्याकाळ

आजपासून रोजनिशी लिहायची. वही मुलाच्या शाळेतली सापडली. पुढची नऊ पानं भूगोलाची आहेत, ती राहू दिली.

कारण असं. कंपनीने बंद कंटेनरच्या गाड्या विकून टाकल्या. आता सगळे सपाट ट्रेलर. म्हणजे चाकांवर नुसती फळी, भिंती नाहीत, छप्पर नाही. माल ठेवायचा, पट्ट्यांनी आवळायचा, ताडपत्रीने झाकायचा, आणि हे सगळं ड्रायव्हरने करायचं. चौतीस वर्षं मी बंद दाराची गाडी चालवली. मागे काय आहे हे कधी पाहिलं नाही. दुसऱ्याने सील लावायचं, दुसऱ्याने तोडायचं, मी मधला.

साहेब म्हणाले, सत्तावीस तारखेला परीक्षा. पास झालात तर गाडी तुमची, नाही तर किल्ली जमा करा. बसायलासुद्धा सांगितलं नाही.

काळजी करण्यासारखं काही नाही. शिक्षण सातवीपर्यंत, पण त्या वेळची सातवी. चार दिवसांत शिकून होईल.

किल्ली जमा केली तर काय, ते लिहून ठेवतो. मुलगा म्हणतो, आमच्याकडे राहायला या, मागची खोली रिकामी आहे, खिडकीसुद्धा आहे. खिडकीतून काय दिसतं विचारलं. म्हणाला, शेजारच्यांची भिंत. चौतीस वर्षं समोरच्या काचेतून रस्ता पाहिलेल्या माणसाला हा भिंत दाखवणार.

३ मार्च, मंगळवार

शिकवायला बाई आहे. माझ्या सुनेच्या वयाची, मनगट माझ्या दुप्पट. यार्डात सगळे तिला मास्तरीण म्हणतात. मला काका म्हणाली. हे बरं केलं.

यार्डाच्या कोपऱ्यात सरावाचा एक ट्रेलर कायमचा उभा आहे. त्यावर दोन सिमेंटचे पाईप, एक मोडका लाकडी जिना आणि कोणत्या तरी ऑफिसातलं लोखंडी कपाट. हेच बांधायचं, सोडायचं, परत बांधायचं. आज बांधलं. मास्तरणीने एका हाताने पाईप ढकलला, तो लोळत गेला. म्हणाली, काका, याच्याखाली पाचर कोण मारणार? मी म्हटलं, पाचर मारणारच होतो, शेवटी. म्हणाली, शेवटी तो रस्त्यावर असतो. पुन्हा सगळं सोडायला लावलं आणि कपाटाच्या दारावर खडूने एक रेघ ओढली.

रेघ कशाची ते विचारलं नाही. हजेरी असावी.

६ मार्च, शुक्रवार

आज पट्टा. जाड, पिवळा, दोन्ही टोकांना आकडे. मध्ये रॅचेट म्हणून एक लोखंडी यंत्र, त्याचा दांडा वरखाली केला की पट्टा आवळत जातो. कल्पना चांगली आहे पण यंत्र हलक्या प्रतीचं आहे. मी दांडा वरखाली करत राहिलो, पट्टा गुंडाळत राहिला, मग यंत्रच गच्च झालं. मागे जाईना, पुढे जाईना. मास्तरीण म्हणाली, आधी सैल पट्टा हाताने ओढून घ्यायचा, मग दोन-तीन वेढे पुरतात, तुम्ही अकरा घातलेत. मी म्हटलं, दोन वेढ्यांनी जर घट्ट होतं तर अकरांनी किती होईल. तिने सुरी आणून पट्टा कापला.

माणूस काळजीने करतो त्याची किंमत नाही.

रेघा तीन.

८ मार्च, रविवार

खांदे दुखतात. हिने तेल लावून दिलं आणि लावताना बोलून घेतलं. म्हणाली, बासष्टाव्या वर्षी कसल्या परीक्षा देताय, परीक्षा द्यायच्या वयात दिल्या नाहीत. चाळीस वर्षं झाली, हिची धार तशीच आहे.

मुलाचा फोन. खोली रंगवायची आहे, रंग कोणता देऊ? मी रंग सांगितला नाही. रंग सांगणं म्हणजे हो म्हणणं. ही मागून ओरडली, फिका पिवळा सांग. मी फोन ठेवला.

निश्चय: रोज सकाळी खांद्याचा व्यायाम.

१० मार्च, मंगळवार

व्यायाम उद्यापासून. आज खांदे दुखत होते.

ताडपत्री सुरू झाली. निळी, आणि वजन एका जाडजूड माणसाइतकं. ती शिडीने वर न्यायची. मी नेली. म्हणजे अर्ध्यापर्यंत मी नेली, पुढे शिट्टीने वरून ओढून घेतली. शिट्टी म्हणजे यार्डात ट्रेलर इकडचे तिकडे करणारा माणूस, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, दिवसभर शिट्टी मारतो. गाणं कोणतं ते कळत नाही.

एका ट्रेलरला ताडपत्र्या दोन लागतात. मास्तरणीचा नियम: मागची आधी टाकायची, पुढची नंतर, म्हणजे पुढचीची कड मागचीवर येते आणि वारा आत शिरत नाही. मी म्हटलं, कोणतंही काम पुढून सुरू होतं. म्हणाली, काका, छपरावर कौलं कुठून चढवतात? खालून ना? मग? मी म्हटलं, मी ड्रायव्हर आहे, गवंडी नाही. शिट्टी हसला. त्याचं हसणं माझ्या बाजूने होतं असं मी धरतो.

पुढची आधी टाकली. पुन्हा करायला लावलं. पाच रेघा.

१२ मार्च, गुरुवार

जोराचा वारा. या वाऱ्यात कोणीही ताडपत्री टाकू नये, पण ऐकतं कोण. एक कोपरा हातात धरला होता. ताडपत्रीने मला थोडंसं उचललं. फार नाही. शिट्टी म्हणतो हातभर. मोजायला तो टेप घेऊन उभा होता काय?

मास्तरीण धावत आली, लागलं का विचारलं, पाणी दिलं. मग म्हणाली, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, हे मी मंगळवारी सांगितलं होतं. मंगळवारी मला डाव्या कानाने कमी ऐकू येत होतं.

सात रेघा. दुसऱ्या कोणाच्या इतक्या असतील असं वाटत नाही.

१५ मार्च, रविवार

आज घरीच सराव केला. जेवणाचं टेबल म्हणजे ट्रेलर. वर साखरेची बरणी, पाण्याचा जग, मिक्सर: हा माल. पलंगावरच्या दोन चादरी म्हणजे ताडपत्र्या. पुढची आधी टाकली, मागची नंतर. सुंदर बसल्या. हिला बोलावून दाखवलं. हिने टेबलफॅन आणला, टेबलाच्या पुढे ठेवला आणि एकदम तीनवर लावला.

मागची चादर उठली ती बरणीला घेऊनच. साखर खोलीभर.

मग हिने ओला हात पुसत मागची चादर आधी टाकली, पुढची वर, कडा खाली दुमडल्या, पंखा लावला. चादर हलली नाही. हा निव्वळ योगायोग आहे. पंखा तोपर्यंत तापून मंदावला होता.

मुंग्या आल्या. साखर मला झाडायला लावली.

मुलाचा फोन. रंगाचं विचारलं. बाथरूममध्ये आहे म्हणून सांग, असं हिला खुणावलं. हिने तसंच सांगितलं: ते म्हणतायत, बाथरूममध्ये आहे म्हणून सांग.

१८ मार्च, बुधवार

नवीन नियम. माल घेऊन निघाल्यावर अर्ध्या तासाने गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, एकेक पट्टा हाताने ओढून पाहायचा. हादऱ्यांनी माल बसतो, पट्टे सैल होतात, म्हणे. मी म्हटलं, आपणच बांधलेलं आपणच परत तपासायचं म्हणजे स्वतःवर अविश्वास. मास्तरीण म्हणाली, हो, अविश्वासच. त्याचाच पगार मिळतो.

ही घराला कुलूप लावते आणि तीनदा ओढून बघते. पायऱ्या उतरून परत एकदा जाऊन ओढते. चाळीस वर्षं मी जिन्यात उभा. आता कंपनीनेही तेच काढलं. मला कुठे सुटका नाही.

२० मार्च, शुक्रवार

थकलो. सकाळी बूट घालताना खाली वाकलो तो तिथेच थोडा वेळ राहिलो. खाली आहे तर दुसरं काही करण्यासारखं आहे का ते पाहिलं. नव्हतं.

रेघा नऊ.

जेवताना मास्तरीण शेजारी येऊन बसली. तिचे वडीलही ड्रायव्हर होते. एकदा त्यांच्या गाडीवरून पाईप सुटला. मागे कोणी नव्हतं, नुसता रस्ता. पण त्यानंतर ते गाडीवर चढले नाहीत. एवढंच सांगितलं आणि डबा बंद केला. मला काही तरी बोलायचं होतं. मी म्हटलं, पाचर मारली नसेल. ती म्हणाली, नव्हती मारली.

घरी येईपर्यंत वाटत राहिलं, हे बोलायला नको होतं.

२४ मार्च, मंगळवार

अकरा रेघा. तीन दिवस राहिले.

मास्तरीण आज स्पष्ट बोलली. काका, तुम्हाला येत नाही असं नाही, तुम्ही ऐकत नाही. म्हणजे येतं हे तिने कबूल केलं. घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, पुढचं वाक्य काय होतं? मी म्हटलं, पुढचं महत्त्वाचं नाही. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. वर म्हणाली, आणि अंगण कुठलं, सपाट ट्रेलर आहे तो.

निश्चय: उद्यापासून ऐकायचं.

२६ मार्च, गुरुवार. संध्याकाळ

आज मास्तरणीने सरावाचा ट्रेलर स्वतः बांधून दाखवला. उद्याच्या परीक्षेसाठी नमुना म्हणून तो तसाच ठेवणार आहे, अडलं तर बघून घ्या म्हणाली. पाईप, जिना, कपाट, सगळं आवळून वर दोन ताडपत्र्या. मी दोन तास बघितलं. ठीक आहे. तिच्या हातात आणि माझ्या हातात तसा फरक नाही, ती घाई करत नाही एवढंच.

मधले काही नियम नीट ऐकू आले नाहीत. शिट्टी शिट्टी मारत होता.

२७ मार्च, शुक्रवार. सकाळी ६

परीक्षा. हिने शर्टाला इस्त्री करून दिली. दारात म्हणाली, मागची आधी. मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाली, माहीत आहे हे मला माहीत आहे, करा.

२७ मार्च. दुपारी १

अर्धं काम झालं. माल खरा: एका नव्या इमारतीचे चाळीस लाकडी दरवाजे. ते साठ किलोमीटरवर पोचवायचे. आधी बांधणं, मग मास्तरीण तपासणार, मग चालवणं.

दरवाजे बांधले. आठ पट्टे. कोपऱ्यांना प्लास्टिकचे तुकडे लावले, लाकडाला पट्टा रुतू नये म्हणून. ताडपत्री टाकताना उन्हाने डोळ्यांवर अंधारी आली त्यामुळे कोणती आधी हे नक्की आठवत नाही. मास्तरणीने पाहिलं आणि म्हणाली, मागची वर आलीय, पोटात झोळ आहे, पाणी साचेल, कोपरे लोंबतायत. परत घाला, मी वर्कशॉपमधून येऊन बघते, मी बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

परत घातली. बऱ्यापैकी परत घातली. सगळी नाही उचलली, पुढचा भाग ओढून घेतला. दिसायला तेच.

चष्मा सापडत नाही. लांबचं मला स्वच्छ दिसतं, वाचायलाच लागतो. ही वहीसुद्धा हात लांब करून लिहितोय. हिने घरी कुठे तरी उचलून ठेवला असणार. हिला वस्तू जागेवर राहिलेली बघवत नाही.

जेवायला जातो.

२७ मार्च. दुपारी १.४०

आनंदाची गोष्ट आहे म्हणून निघण्यापूर्वी दोन ओळी.

जेवून आलो. मोठी गाडी आत घ्यायची म्हणून शिट्टीने ट्रेलर हलवून शेजारी शेजारी लावले होते. एक सरावाचा, एक माझा. दोन्ही निळे. नंबर मागे बारीक अक्षरांत असतो, चष्म्याशिवाय मला दिसला नाही. पण नंबर हवा कशाला? एकाची ताडपत्री इस्त्री केल्यासारखी, कडा सरळ, पट्टे ताठ. दुसरीच्या पोटात झोळ, कोपरे लोंबलेले. कालच्या दगदगीत मास्तरणीचा हात बिघडलेला दिसतो, नमुनाच असा. लोकांसमोर बोलणार नाही. परत आलो की एकटीला गाठून सांगेन, आणि गोड शब्दांत.

स्वतःचं काम असं लांबून कधी पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मागे वळून बघावंसं वाटलं.

साहेब वरच्या खिडकीतून ओरडले, काका, दरवाजे अजून इथेच? तिकडे सुतार बसून आहेत! मास्तरीण वर्कशॉपमध्ये. हाक मारली असती, पण असं काम असताना तपासायचं काय? हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. इंजिनवाली पुढची गाडी ट्रेलरला जोडली. निघतो.

२७ मार्च. दुपारी ४.२०. गाडीतच बसून

थोडी गडबड.

रस्ता चांगला गेला. अर्ध्या तासाने थांबायचा नियम आठवला. आरशात पाहिलं, ताडपत्री हलतसुद्धा नव्हती. थांबलो नाही. एका ट्रकवाल्याने बाजूने जाताना हात वर करून दाद दिली. मीही केला.

इमारतीपाशी सहा सुतार आणि एक स्टोअरकीपर वाट बघत होते. त्यांना म्हटलं, जरा मागे व्हा. पट्टे सोडले. एकही तसूभर सैल नव्हता, हे मी त्यांना दाखवलं. ताडपत्री ओढली.

दोन सिमेंटचे पाईप. मोडका जिना. कपाट.

स्टोअरकीपरने हातातलं चलन पुन्हा वाचलं. मग म्हातारा सुतार वर चढला, कपाटाचं दार उघडलं, लावलं आणि खाली बघून म्हणाला, दरवाजे आलेत. दोनच आलेत, पण लावून आलेत.

सगळे हसले. मीही थोडा हसलो, वेगळं दिसू नये म्हणून. स्टोअरकीपरने विचारलं, या अकरा रेघा कसल्या? मी म्हटलं, हजेरी.

मास्तरणीला फोन केला. ओरडली नाही. म्हणाली, काका, माल परत आवळा, पाचर मारा, सावकाश या. मी म्हटलं, माल म्हणजे कपाट? म्हणाली, कपाट का असेना, मागे लोक असतात.

तिने सांगितलं तसं बांधलं. मागची आधी टाकली. सुतारांनी मदत केली. दीड तास लागला असता, पाऊण तासात झालं. परत जाताना अर्ध्या तासाने थांबेन.

२८ मार्च, शनिवार

थांबलो होतो. दोन पट्टे बोटभर सैल झाले होते. आवळले.

पण तिकडे काल संध्याकाळी पाऊस झाला. माझे दरवाजे यार्डातच. झोळात पाणी साचलं, शिट्टी म्हणतो म्हैस बसली असती. तिथून आत उतरलं. नऊ दरवाजे फुगले. ट्रेलर जागचा हलला नव्हता तरी माल खराब झाला. असं आजवर कोणाला जमलं नाही, असं साहेब म्हणाले. चष्मा सापडला. सातव्या आणि आठव्या दरवाजाच्या मध्ये, एक काच तडकलेली. ही म्हणते, मी उचलला होता ना?

किल्ली जमा केली. साहेब म्हणाले, महिना संपेपर्यंत ताडपत्र्यांच्या घड्या घाला, मग बघू. बघू म्हणाले, म्हणजे दार पूर्ण बंद नाही.

निघताना मास्तरीण कपाटापाशी उभी होती. मी विचारलं, या रेघा हजेरीच्या ना? तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, नाही काका. जेवढ्या वेळा परत करायला लावलं, तेवढ्या. मग खिशातून खडू काढून माझ्याच हातात दिला.

बारावी मी ओढली. सरळ आली.

मी म्हटलं, येताना कपाट हललं नाही. म्हणाली, बघितलं मी. चांगलं बांधलं होतं. चांगलं म्हणाली. हे इथे लिहून ठेवतो.

३१ मार्च, मंगळवार. संध्याकाळ

ताडपत्र्या चौदा. घड्या चुकल्या दोन, उलगडून परत घातल्या. ताडपत्रीची घडीसुद्धा वर गेल्यावर कशी उलगडेल याचा विचार करून घालायची असते, हे आज कळलं. सांगायला कोणी नव्हतं. शिट्टी रजेवर.

साहेबांनी बघितलं. उद्यापासून यायची गरज नाही.

घराला कुलूप लावून आम्ही चालायला बाहेर पडलो. हिने तीनदा ओढलं. पायऱ्या उतरलो. मग मी परत वर गेलो आणि एकदा ओढून पाहिलं. ही खाली उभी राहिली.

आल्यावर मुलाला मीच फोन लावला. तो घाबरला, आज रविवार नाही, काय झालं? काही नाही म्हटलं. रंग सांगायचा राहिला होता.

निळा सांगितला. ताडपत्रीचा असतो तसा.